सीटीआरआय नंबर आहे का?

दादाची सव्वीस वर्षं सोलापुरात यंत्रमागावर गेली. पाच वर्षांपूर्वी त्याचा चालताना तोल जायला लागला. अशोक चौकात लोक म्हणायचे, सकाळीच घेतली वाटतं. वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं आणि ते दारूच्या खात्यात जमा झालं होतं. दादानं तर आयुष्यात कधी थेंब घेतला नाही.

एमआरआयमध्ये लहान मेंदू आक्रसलेला दिसला. जनुक तपासणीत एससीए-२ निघालं, म्हणजे चालण्याचा तोल घालवणारा आनुवंशिक आजार. त्या जनुकात 'सीएजी' हा तुकडा बहुतेकांत २२ वेळा असतो, दादाचा ३९ वेळा. औषध नाही, व्यायाम करा म्हणाले. एवढं ऐकून कोण गप्प बसतं? मी मोबाइल घेऊन बसलो. परगावच्या एका क्लिनिकनं स्टेमसेल, म्हणजे मूळपेशींचा उपचार सुचवला: कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी पाठीच्या कण्यात सोडायच्या. तीन वेळा, साडेसात लाख. वहिनींनी पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या.

हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याच्या डॉक्टरांकडे गेलो, खरं तर होकार ऐकायलाच. त्या म्हणाल्या, "या आजारात लहान मेंदूतल्या पर्किंजे नावाच्या चेतापेशी मरतात, आणि एकेकीला लाखभर जोडण्या असतात. १९८०च्या दशकात उंदरांत नव्या पेशी बसवणं जमलं होतं, पण त्या गर्भातल्या, पर्किंजेच होणाऱ्या पेशी होत्या, आणि थेट लहान मेंदूत सोडल्या होत्या."

दादा अडखळत म्हणाला, "म्हणजे नुसता बीम चढवून भागत नाही. एकेक तार वही-फणीतून ओवायला पायजे." बीम म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा रूळ; त्यातला धागा न् धागा मागाच्या वही-फणीतून ओवल्याशिवाय कापड विणलं जात नाही. डॉक्टरबाईंना कळलं नसावं, पण दादा कितीतरी दिवसांनी स्वतःवर खूश दिसला.

मग त्यांनी एका इस्रायली मुलाचं सांगितलं. अ‍ॅटॅक्सियासाठी, म्हणजे अशाच तोल जाण्याच्या आजारासाठी, मॉस्कोत त्याला गर्भातल्या पेशी दिल्या, चार वर्षांनी मेंदूत आणि कण्यात गाठी निघाल्या, त्या दात्याच्याच पेशींच्या. २००९मध्ये ते छापून आलं. शेवटी म्हणाल्या, "क्लिनिकला सीटीआरआय नंबर विचारा, म्हणजे औषधोपचारांच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदणीतला क्रमांक. रक्ताचे काही आजार सोडले तर आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या नियमांप्रमाणे स्टेमसेल ही अजून चाचणीच. आणि चाचणीसाठी पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत."

स्टेशनवरूनच फोन लावला. नंबर मिळाला नाही. परवापर्यंत आलात तर पन्नास हजार कमी करू, म्हणाले. साड्यांच्या सेलसारखं!

पाटल्या वहिनींच्या हातात परत गेल्या. दादा रोज फिजिओथेरपीला जातो. हलका कप हातात हिंदकळतो, म्हणून चहा जाड पितळी पेल्यात पितो.

पुतण्या १९ वर्षांचा आहे. टेस्ट करायची का, ते त्यानंच ठरवायचं, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. तो अजून काही बोललेला नाही.