डोंगर किती हळू खायचा

13 जानेवारी, रात्री. दांडिया बाजार, वडोदरा

जेवताना सहज विषय काढला आणि पस्तावले. भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, बाबांचा मूड छान. म्हटलं, बाबा, सगळं जमलं तर सहा-सात वर्षांनी नोकरी सोडून देईन म्हणते. बाबा भाकरी मोडायचे थांबले. "आणि खाणार काय?"

"साठवलेलं."

"बसून खाल्लं तर डोंगर सरतो," असं म्हणून त्यांनी पुढचा घास घेतला. विषय संपला.

बाबांचं चुकतं असं नाही. विद्यापीठाची नोकरी, आता पेन्शन, आणि महागाई भत्ता वाढला की पेन्शनही वाढते. त्यांच्या नळाला पाणी येतं, त्यांना तळं बांधायची वेळच आली नाही. माझं तसं नाही. दुबईत माझ्यासारखीला पेन्शन नसते. व्हिसा नोकरीच्या शेपटाला बांधलेला. नोकरी सुटताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे 30 दिवसांचा. 'मूळ' किती दाखवायचा हे कंपन्यांना छान कळतं. माझा एकूण पगाराच्या निम्माही नाही. म्हणजे एक दिवस परतायचं आहे हे नक्की, आणि हातात काय घेऊन परतायचं हे माझं मला बघायचंय.

हे कळायला मला जी फी भरावी लागली ती लिहूनच टाकते. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

दुबईत जाऊन दोन वर्षं झाली होती. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने एक सल्लागार आला. इस्त्री केलेला शर्ट, गोड इंग्रजी, कॉफीचे पैसे त्यानेच दिले. 25 वर्षांची बचत योजना, महिना 2,000 दिरहॅम. मी सही केली. कलाभवनातून, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, सिव्हिल करून बाहेर पडलेली मी, ठेकेदारांची बिलं तपासणं हा माझा धंदा, बिलात एक घनमीटर काँक्रीट जास्त लावलं तरी मला झोप येत नाही. पण स्वतःचा करार मी वाचला नाही. चार वर्षांनी वाचला. पहिल्या 18 महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात अडकवलेले, त्यांच्यावर पूर्ण 25 वर्षं दरसाल शुल्क, आणि मधेच सोडलं तर तेच पैसे बुडणार. भरले होते 96,000. सोडताना हातात आले 53,000 आणि काही. त्या सल्लागाराचं कमिशन मात्र पहिल्याच वर्षी त्याच्या खिशात गेलं असणार. त्या रात्री मी पहिल्यांदा एक्सेल उघडून स्वतःचं बिल तपासलं.

तपासताना जे दिसलं ते असं. महिना 10,000 रुपये, 25 वर्षं. म्हणजे घातले 30 लाख. दरसाल 10 टक्के धरले तर 1 कोटी 32 लाख होतात. त्यातला एक टक्का कुणी 'व्यवस्थापना'साठी कापून घेतला तर 1 कोटी 12 लाख. फरक 20 लाखांचा. एक टक्का ऐकायला किती गरीब वाटतो!

14 जानेवारी, उत्तरायण

सकाळी सातपासून गच्चीवर. आमच्या बडोद्याच्या मराठीत अगाशी. दादाने पतंग धरला, फिरकी माझ्याकडे, वहिनी चिक्की वाटत होती. समोरच्या अगाशीवरून दर दोन मिनिटांनी 'काइपो छे!'

समोरचे काका मला लहानपणापासून 'शुं दिकरी' म्हणतात. ते शेअरबाजारात मुरलेले. सयाजीगंजात वडोदरा स्टॉक एक्स्चेंज होतं तेव्हा ते रोज दुपारी तिकडे असायचे. आमच्या घरात याच्या अगदी उलट. 1992 साली बाबांनी त्यांच्याच सांगण्यावरून एका कंपनीचे शंभर शेअर घेतले, हर्षद मेहता प्रकरणात बाजार कोसळला, पुढे ती कंपनीच नाहीशी झाली. सर्टिफिकेट अजून लोखंडी ट्रंकेत आहे, आजीच्या शालूखाली. हिरवट कागद, कडेला नक्षी, खाली दोन डायरेक्टरांच्या सह्या. लहानपणी मला ती नोटच वाटायची.

काकांनी विचारलं, कोणता शेअर घेतेस? म्हटलं, कोणताच नाही, सगळे घेते. ते हसले. मी कठड्याला टेकून समजावलं. निफ्टी 50 म्हणजे बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांची यादी. 1996 ला ती सुरू झाली तेव्हाच्या पन्नासातल्या मोजक्याच कंपन्या आज तीत आहेत. वर्षातून दोनदा छाननी होते, वाळलेली काढतात, वाढलेली घेतात. इंडेक्स फंड नुसता त्या यादीच्या मागे चालतो, म्हणून त्याचा खर्च कमी. बाबांची ती कंपनी यादीत असती तर कधीच गळली असती, आणि बाबांना कळलंही नसतं. अमेरिकेत जॉन बोगलने 1976 मध्ये असा फंड सामान्य माणसासाठी काढला. 15 कोटी डॉलर जमतील अशी आशा होती, जमले जेमतेम 1 कोटी 13 लाख. लोकांनी तेव्हा त्याला खुळा ठरवलं होतं.

काका म्हणाले, "पण यात मजा क्यां छे?" खरं आहे. मजा अजिबात नाही. मला मजा पतंगात पुरते.

तिकडे दुबईत मी आयर्लंडमध्ये नोंदलेला जागतिक ईटीएफ घेते, म्हणजे शेअरसारखा बाजारात मिळणारा इंडेक्स फंड. तोच माल अमेरिकेत नोंदलेला घेतला तर लाभांशावर 30 टक्के कापतात, आयर्लंडच्या फंडाला अमेरिकन शेअर्सवर 15. आणि अमेरिकेबाहेरच्या माणसाची तिथली मालमत्ता 60,000 डॉलरच्या वर असली तर मेल्यावर कर लागतो. आपल्याकडे मृत्युकर 1985 लाच गेला, म्हणून हे डोक्यातच येत नाही.

15 जानेवारी, वासी उत्तरायण

हात मांज्याने कापलेत, तरी लिहिते, कारण आज डोंगराचं उत्तर सापडलं. अर्धं.

1994 मध्ये विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने (मूळचा विमानशास्त्राचा इंजिनिअर, म्हणून मला जवळचा) बाबांचाच प्रश्न आकड्यांत मांडला. डोंगर किती हळू खाल्ला तर सरत नाही? त्याचं उत्तर साधारण असं: पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के काढा, पुढे महागाईइतकं वाढवत न्या, तर इतिहासातल्या वाईटात वाईट काळातही 30 वर्षं पुरलं. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या 25 पट जमवायचे. बाबांना हे सांगितलं तर ते "अमेरिकेतलं अमेरिकेत" म्हणाले, आणि यात त्यांचा मुद्दा बरोबर आहे. आकडे तिथले, महागाई तिथली, आणि 30 वर्षं म्हणजे पासष्टीत निवृत्त होणाऱ्याची. मी पंचेचाळिशीत सोडलं तर मला चाळीसच्या वर लागतील. म्हणून मी 4 ऐवजी 3 टक्केच काढायचे, म्हणजे 33 पट धरते.

पण कशाच्या 33 पट? इथेच माझं घोडं अडतं. दुबईत महिन्याला 11,000 दिरहॅम उडतात, त्यात अर्धं घरभाडं. नुसत्या 25 पटीनेही आकडा 33 लाख दिरहॅम होतो, रुपयांत साडेसात कोटींच्या वर. हे या जन्मी व्हायचं नाही. पण मी तिथे म्हातारी होणारच नाहीये. होणार इथे, सुरसागरपासून चालत पाच मिनिटांवर. मग खर्च इथला धरायला हवा, आणि इथला खर्च मला माहीत नाही. दहा-अकरा वर्षं मी इथे फक्त पाहुणी म्हणून येते. सेव-उसळ खाते, खांडेराव मार्केटातून फुलं आणते, पैसे देताना बघतही नाही.

आईला माहीत आहे. आईकडे लाल कापडी पुठ्ठ्याची हिशेबाची वही असते, दर दिवाळीला नवी. दुपारी ती झोपल्यावर डिसेंबरचं पान उघडलं. दूध 2,310. कामवाली 1,800. औषधं 4,150. गॅस. लाइटबिल. हार-फुलं 240. देणगी 101, कुणाला ते लिहिलेलं नाही. एका ओळीत नुसतं 'पेरू 30'. बेरीज 41,260, खाली दोन रेघा. वर्षाचे पाच लाख धरले, 33 पट म्हणजे 1 कोटी 65 लाख. पहिल्यांदाच तो आकडा माणसाच्या आवाक्यातला दिसला. दोनदा गुणाकार केला.

16 जानेवारी

सणाच्या सुट्टीनंतर बँक उघडली, म्हणून ते लांबवलेलं काम केलं. परदेशात राहायला गेल्यावर इथलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, ते मी इतकी वर्षं केलंच नव्हतं. काउंटरवरच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बेन, आटलां वर्ष शुं कर्युं?" मी काय सांगणार? व्याजावर आता 30 टक्के टीडीएस कापला जाईल. तिकडून पाठवायच्या पैशांसाठी एनआरई वेगळं उघडलं, त्याच्या व्याजावर इथे कर नाही. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालेल, पुढे वाढवता येणार नाही. कॉलेजच्या वेळची सही आताच्या सहीशी जुळेना. साहेबांसमोर तीनदा केली.

एक वाजता घरी आले. आईने रिक्षाचे किती झाले विचारलं. जाऊन-येऊन 120 म्हटलं आणि वर, हे तू कशाला लिहितेस, मी दिलेत की. "तरी लिहायचं," म्हणून तिने वही ओढली. मी मागून वाकून बघितलं. कालच्या पानावर हे नव्हतं, पार शेवटच्या पानावर वेगळा रकाना होता. पतंग-मांजा, लोणी, जिलेबी, उंधियू, आणि आता रिक्षा 120. वर तिच्या अक्षरात मथळा 'पाहुणे'.

ती बेरीज महिन्याच्या 41,260 मध्ये धरलेली नाही.