कुशनला चिकटलेला बॉल: नेम कुठं धरायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या पूल पार्लरमध्ये (पूल म्हणजे क्यूनं, लांब काठीनं, टेबलावरचे बॉल पॉकेटात घालायचा खेळ) एक गोष्ट सारखी दिसते. लांबचा सरळ पॉट सहज घालणारा खेळाडू बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटला की अडतो. बॉल पॉकेटच्या तोंडाशी खडखडून थांबतो, नाहीतर कुशनवरून फुटून, म्हणजे उसळून, टेबलाच्या मध्याकडं येतो. बहुतेक वेळा हात चांगलाच असतो. नेम चुकीच्या जागी धरलेला असतो, म्हणून आज फक्त नेमाबद्दल.

चिकटलेल्या बॉलला कोपऱ्याच्या पॉकेटात जायचा एकच रस्ता आहे, कुशनच्या कडेकडेनं. (लांब कुशनला चिकटलेला बॉल त्याच बाजूच्या मधल्या पॉकेटात घालायचा विचार सोडा, तो तोंडावरून सरळ पुढं निघून जातो.) रस्ता कुशनला समांतर, म्हणजे धडक बसते त्या क्षणी पांढरा बॉल (क्यूनं मारायचा तो) बरोबर मागं आणि तोही कुशनला टेकलेला हवा. ही काल्पनिक जागा म्हणजे घोस्ट बॉल. पूलच्या बॉलचा व्यास ५७ मिलिमीटर, सव्वादोन इंच. त्यामुळं बॉल कुशनला जिथं टेकलाय, तिथून ५७ मिलिमीटर मागं पांढऱ्यानं कुशनला टेकायचं, आणि त्याच वेळी बॉललाही.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. चूक यापुढं होते. कुशनवरचा तो बिंदू डोळ्यांत धरून क्यू थेट त्याच्यावर रोखला जातो. पण क्यूच्या रेषेत जातो तो पांढऱ्याचा मध्य, आणि मध्य काही कुशनला टेकत नाही, तो अर्धा बॉल म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर अलीकडंच थांबतो. ४५ अंशांत मारलं तर पांढरा ठरवलेल्या जागेच्या २८ मिलिमीटर आधीच कुशनवर आदळतो. ३० अंशांत हा फरक जवळजवळ ५० मिलिमीटर होतो. मग पांढरा कुशनवरून उसळूनच बॉलवर येतो आणि त्याला आतून ढकलून बाहेर काढतो. रेषा कितीही स्वच्छ मारली तरी उपयोग नाही. म्हणून नेम कुशनच्या ओठावर, म्हणजे पुढच्या कडेवर, धरू नका. ओठापासून अर्धा बॉल टेबलाच्या आत, कापडावर धरा.

कापडावरचा बिंदू नजरेत ठेवणं अवघड वाटत असेल तर बॉलच्या कडेवरून नेम धरता येतो. चिकटलेल्या बॉलच्या बाबतीत एक मोठी सोय आहे: पांढरा कुशनशी जितक्या अंशांचा कोन करून येतो, तेवढाच कट, म्हणजे बॉलला बाजूला वळवायचा कोन, लागतो. हा कोन कुशनवरच्या डायमंडवरून (सारख्या अंतरावरच्या खुणांवरून) काढता येतो, कारण डायमंडमधलं अंतर लांब आणि आखूड दोन्ही कुशनवर सारखंच असतं. घोस्ट बॉलपासून मोजायचं. पांढरा जेवढा मागं तेवढाच कुशनपासून आत असेल तर ४५ अंश. दोन डायमंड मागं आणि एक डायमंड आत असेल तर साधारण २७, म्हणजे जवळपास हाफ बॉल. हाफ बॉलला, म्हणजे ३० अंशांना, पांढऱ्याचा मध्य बॉलच्या मागच्या कडेवर धरायचा. दोन मागं, एक आतच्या शॉटला त्याच्या किंचित आत. ४५ अंशांना नेम कडेच्या १२ मिलिमीटर बाहेर जातो, म्हणजे पूलच्या क्यूच्या एका टिपेएवढा, टोकाएवढा. ६० अंशांना तो २१ मिलिमीटर बाहेर, आणि बॉलचा जेमतेम आठवा हिस्सा पांढऱ्यासमोर उरतो. त्याहून पातळ शॉट लांबून खेळण्यात मला अर्थ वाटत नाही, सेफ्टी खेळा, म्हणजे पॉट न करता समोरच्याला अवघड पडेल असं मारा.

आता चुकीची बाजू कुठली निवडायची ते. दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या महाग नसतात. पांढरा बॉलला आधी आणि जाड लागला तर बॉल थेट कुशनमध्ये दाबला जातो आणि फुटतो. त्यात घर्षणाचीही भर पडते, कारण कट शॉटमध्ये पांढरा घासत जाताना बॉलला आपल्या दिशेनं थोडा ओढतो, आणि इथं ती दिशा कुशनकडची आहे. हळू मारलेल्या शॉटमध्ये आणि मळलेल्या बॉलवर हे ओढणं जास्त. बॉल चॉकनं (टिपेला लावायच्या पुडीनं) माखलेले असतील तर खेळायच्या आधी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. याउलट पांढरा कुशनला थोडाच आधी लागला तर रबर दबतं, पांढरा कुशनला धरून पुढं सरकतो आणि बॉलला मागूनच ढकलतो. म्हणून चुकायचंच असेल तर कुशनच्या बाजूला चुका, पण काही मिलिमीटरच.

याच कारणानं थोडी साइड, म्हणजे पांढऱ्याला मध्याच्या डावीकडं-उजवीकडं मारून दिलेली फिरकी, उपयोगी पडते. कुशनकडं तोंड करून पाहा: पॉकेट डाव्या हाताला असेल तर डावी साइड, उजव्या हाताला असेल तर उजवी. मध्यापासून अर्धी टिप पुरते. या साइडनं कुशनला टेकलेला पांढरा पॉकेटच्या दिशेनं धावतो. उलटी साइड दिली आणि पांढरा कुशनला आधी लागला, तर तो कुशनवर अडखळून बाहेर येतो आणि बॉल हमखास फुटतो. साइडचा एक तोटाही आहे: मारताना पांढरा साइडच्या उलट दिशेला जरासा सरकून निघतो, इथं पॉकेटपासून दूर, म्हणजे कुशन ठरवल्यापेक्षा आधी लागतं. त्यासाठी नेम अगदी थोडा बॉलकडं आणावा लागतो. पांढरा चार-पाच डायमंड लांब असेल तर हा सरकणारा भाग वाढतो. तिथं साइड न देता मध्यावर मारलेलं बरं.

जोर किती? पॉकेटचं तोंड साडेचार इंची असेल तर चिकटून आलेल्या बॉलला पलीकडच्या टोकापर्यंत जेमतेम इंचभर जागा असते. बॉल एवढा सुटला तर टोकाला लागतो. हळू असेल तर टोकाच्या आतून लागून पडू शकतो, जोरात असेल तर बाहेरच येतो. बॉल पॉकेटात पडला नसता तर फूट-दीड फूट पुढं गेला असता, एवढाच जोर. शेजारी उभा असलेला कन्नडमधून ‘निधान, निधान’ म्हणत असतो, तो सल्ला या शॉटला अगदी बरोबर आहे. मात्र पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडच्या संततधारेत, कापड ओलसर होतं आणि बॉल जड धावतो. तेव्हा जोर थोडा वाढवा. नव्या टेबलावर एक बॉल हातानं कुशनलगत हळू सोडून पाहा. तो शेवटी कुशनपासून लांब वळला तर टेबलाचा उतार तिकडं आहे आणि हळू शॉट तिथं चालणार नाही.

पांढऱ्याचंही बघा. मधल्या पॉकेटच्या आसपास चिकटलेला बॉल स्टननं, म्हणजे धडकेच्या क्षणी पांढरा पुढं-मागं न फिरता नुसता सरकत असताना, मारला की पांढरा कुशनवरून सरळ समोर येतो, समोरच मधलं पॉकेट असतं, त्यात पडतो आणि फाउल होतो. तिथं फॉलो द्या, म्हणजे पांढऱ्याला मध्याच्या वर मारा, पांढरा पुढच्या कोनानं निघतो.

पांढराही कुशनला चिकटलेला असेल तर त्याचा वरचा २१ मिलिमीटर भागच दिसतो, कारण पूलचं कुशन साधारण ३६ मिलिमीटर उंच असतं. हात कुशनवर सपाट ठेवून क्यू दोन बोटांमधून सरकवा, शक्य तितका आडवा ठेवा, टिपेला नीट चॉक लावा. इथं साइड नकोच. क्यूची मागची बाजू वर उचललेली असते, त्यात साइड दिली की पांढरा वळत जातो.

सरावाला बॉल कोपऱ्यापासून एक डायमंडवर चिकटवा. दुसरा बॉल त्याच्या मागं, त्याला आणि कुशनला टेकवून ठेवा. पांढऱ्याच्या मागं उभं राहून त्या दुसऱ्या बॉलचा मध्य डोळ्यांत भरून घ्या, तो उचला आणि मारा. आधी ३० अंश, मग ४५, मग ६०. नंतर बॉल दोन डायमंडवर न्या. कुशनच्या लाकडावर चॉकचा ठोकळा खुणेसाठी ठेवला तरी सरावात हरकत नाही, सामन्यात अशी खूण चालत नाही.

बॉल आणि कुशन यांत दोन-तीन मिलिमीटरची फट असेल तर वरचंच सगळं लागू. फट सेंटिमीटरभर झाली की मात्र शॉट बदलतो. आता समांतर गेलेला बॉल साडेचार इंची तोंडाच्या जवळजवळ मध्यावर येतो, त्यामुळं पॉकेट मोठं मिळतं. पण कुशनचा आधार संपला. घोस्ट बॉलही कुशनपासून सेंटिमीटरभर आत धरायचा. पांढऱ्यानं बॉललाच आधी लागायचं, आणि साइड द्यायचीच तर पॉकेटच्या विरुद्ध बाजूची, अगदी थोडी, घर्षणाचं ओढणं मोडण्यापुरती.