वजापुढचा कंस

५० − ३(क्ष − २)

बाईंनी हे फळ्यावर लिहून मला उभं केलं तेव्हा मी आठवीत होते आणि मनात भागुसबा घोकत होते. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार आठवणी लिहा असा निरोप आला, तेव्हा स्नेहसंमेलन, सहल, मधल्या सुट्टीतले डबे असं पुष्कळ डोळ्यांपुढे आलं. पण कागद पुढे ओढल्यावर हातातून पहिली उतरली ती ही ओळ.

बडोद्याबाहेर गेलेल्या, कदाचित विसरलेल्या मंडळींसाठी सांगते: भागुसबा म्हणजे भागाकार, गुणाकार, सरवाळो (बेरीज), बादबाकी (वजाबाकी), उदाहरणात कोणती क्रिया आधी करायची त्याचा गुजराती मंत्र. शाळा मराठी माध्यमाची, पण शेजार सगळा गुजराती. त्यामुळे उदाहरणाला आम्ही सर्रास ‘दाखला’ म्हणायचो. “तुझा दाखला झाला का गं?” असं मी मैत्रिणीला विचारलं की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “दाखला शाळा सोडताना मिळतो!” दिवाळीत नाशिकची मावसबहीण आली की ती तिचं कंचेभागुबेव म्हणून दाखवायची: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. तिच्याकडे ‘कंस’ आणि ‘चे’ जास्तीचे, म्हणून आमचं गणित कच्चं, असा तिचा दावा असे. त्यावरून आमची भांडणं व्हायची. दोघींनाही आपापला मंत्र पाठ होता. तो तसा का, हे मात्र एकीलाही ठाऊक नव्हतं.

तर त्या दिवशी मी उत्तर लिहिलं: ४७(क्ष − २). पन्नासातून तीन गेले, सत्तेचाळीस. डावीकडून वाचत गेले आणि दिसेल ते करत गेले.

बाईंनी डस्टर उचललं नाही. म्हणाल्या, “तुझ्याकडे पन्नासची नोट आहे. तीन प्लेट सेव-उसळ घेतलीस. एका प्लेटचा भाव क्ष. शाळेची मुलं म्हणून गाडीवाल्याने प्लेटमागे दोन रुपये सोडले. परत किती येतील? हिशेबाला सोपा म्हणून भाव आठ धर.”

एक प्लेट सहाला पडली. सहा त्रिक अठरा. पन्नासातून अठरा गेले, बत्तीस.

“आता तुझ्या उत्तरात आठ घाल.”

४७ गुणिले ६, म्हणजे २८२. पन्नासची नोट दिली आणि दोनशे ब्याऐंशी परत आले! वर्गात कुणी हसलं नाही, कारण अर्ध्या वर्गाच्या वहीत तेच होतं. मग बाईंनी विचारलेला प्रश्न मी कधी विसरले नाही. “पन्नास रुपये आहेत. तीन काय आहेत?” मी म्हटलं, प्लेट. “मग रुपयांतून प्लेट कशा वजा केल्यास?”

गुणाकार आधी का, हे मला त्या क्षणी कळलं. तीन प्लेटला भावाने गुणलं की त्यांचे रुपये होतात, आणि रुपये झाल्यावरच ते पन्नासातून जाऊ शकतात. भागुसबा नुसतं घोकण्यापुरतं उरलं नाही, त्याला अर्थ आला.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याने क्ष च्या जागी ३ घालून पाहिले होते आणि माझं उत्तर बरोबर येत होतं! खरंच, ४७(३ − २) म्हणजे ४७, आणि ५० − ३(३ − २) हेही ४७. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला फळ्यापाशी बोलावून सगळ्यांना ते करून दाखवायला लावलं. मग म्हणाल्या, “एका संख्येला जुळलं म्हणजे राशी सारख्या झाल्या असं नाही. न जुळली तर चूक नक्की. जुळली तर अजून एक घालून बघा.” तेरा वर्षांच्या मुलांना इतकी नेमकी गोष्ट सांगणारे शिक्षक किती असतील?

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची चूक वेगळी होती, आणि तीच जास्त फसवी. तिने गुणाकार आधी केला, पण लिहिलं ५० − ३क्ष − ६, म्हणजे ४४ − ३क्ष. आठ घातल्यावर वीस आले. बत्तीसच्या जागी वीस. “गाडीवाल्याने सूट दिली, मग तुझे बारा रुपये गेले कुठे?” बाईंनी लाल खडू घेतला आणि कंसाबाहेरच्या −३ पासून दोन कमानी काढल्या, एक क्ष पर्यंत, दुसरी −२ पर्यंत. सोडलेले दोन रुपये, तिप्पट, आपल्याकडेच राहिले; म्हणून अधिक सहा. ५० − ३क्ष + ६, म्हणजे ५६ − ३क्ष. ऋण गुणिले ऋण बरोबर धन हा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहून ठेवला आहे, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. देण्यातून काही सुटलं की ती जमाच, हे आम्हाला सेव-उसळीवरून आधीच पटलं होतं.

भागुसबातली एक अडचणही त्यांनी लपवली नाही. १० − ४ + ३ करताना ‘स’ आधी म्हणून ४ आणि ३ ची बेरीज केली तर उत्तर ३ येतं. खरं उत्तर ९. बेरीज-वजाबाकीचा मान सारखाच, डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची. भागाकार-गुणाकाराचंही तेच, पण तिथे मंत्राप्रमाणे भागाकार आधी केला तरी बिघडत नाही. घरी येऊन मी तासभर आकडे घालून पाहिले आणि मला आढळलं की वजाबाकी आधी केली तरी बिघडत नाही. म्हणजे मंत्र ‘भागुबास’ असता तर कुणीच फसलं नसतं! दुसऱ्या दिवशी बाईंना हे दाखवलं तेव्हा त्यांनी माझी वही घेऊन शेजारच्या वर्गात नेली. त्यानंतरही मला बक्षिसं मिळाली, पण त्या वहीसारखं काही नाही.

कंसात कंस आले तेव्हा साधा, महिरपी, चौकटी अशी नावं शिकलो. महिरपीला शेजारची मुलं छगडियो म्हणायची. बाई म्हणायच्या, घरातून पोळीत, म्हणजे गल्लीत, पोळीतून गावामधल्या मांडवीला, मांडवीहून लहेरीपुरा दरवाज्याबाहेर. आतून बाहेर या आणि प्रत्येक दाराशी वजा उभा आहे का ते बघा.

मी आज मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका कारखान्यात कॉस्टिंगचं, म्हणजे मालाचा खर्च काढण्याचं, काम करते. काही वर्षांपूर्वी एका कोटेशनचा मेळ बसेना. सूत्र उघडलं तर कंसातली सूट कंस काढताना वजाच राहिली होती. अगदी माझ्या मैत्रिणीच्या ४४ − ३क्ष सारखी. संगणक आपण लिहू तेच करतो, आणि कधी त्याची स्वतःची रीतही असते: गणितात −३² म्हणजे −९, आधी वर्ग मग वजा, पण स्प्रेडशीटमध्ये ते तसंच लिहिलं तर ९ येऊ शकतात. तिथे मी न चुकता कंस घालते.

नवा तक्ता केला की खरे आकडे भरण्याआधी मी नोट ५०, प्लेट ३, सूट २ आणि भाव ८ घालते. ३२ आले की भाव ११ करते. २३ आले, की मग कामाला लागते.