कोणती कॉफी घ्यायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चिकमगळूर जिल्ह्यातल्या एका मळ्यावर मी नऊ वर्षं ‘रायटर’ होतो. रायटर म्हणजे लेखक नव्हे. तिकडे हजेरी-हिशेब लिहिणाऱ्याला रायटर म्हणतात. पुण्यात आलो की लग्न असो, बारसं असो, कोणीतरी विचारतंच : ‘कोणती कॉफी घेतली म्हणजे तिथल्या मजूर बायकांच्या पदरात चार पैसे जास्त पडतील?’

हा प्रश्न आला की माझ्या डोळ्यांसमोर पाकीट येत नाही, वजनकाटा येतो.

अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. लाल झालेलं फळ तेवढंच तोडायचं, झाडावरच्या तांबड्या मुंग्या मानेवर झेलत. मजुरी किलोवर. साडेचारला खळ्यावर वजन : सिल्व्हर ओकला टांगलेला स्प्रिंगचा काटा, मेस्त्री, म्हणजे मजुरांचा मुकादम, आकडा ओरडणार, मी लिहिणार. दर गोणीमागे एक किलो वजा, ‘गोणीचा आणि ओलीचा’. ही रीत माझ्या आधीपासूनची, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. एका संध्याकाळी झारखंडहून आलेल्या एका बाईने आपली गोणी रिकामी केली, झटकली आणि पुन्हा काट्याला अडकवली. खताची प्लास्टिकची गोणी ती. काटा हललासुद्धा नाही. बाई काही बोलली नाही. रांग काट्याकडे बघत होती, मी वहीकडे.

पुढच्या आठवड्यात मालकांनी वजावट अर्ध्यावर आणली. बंद नाही केली, अर्ध्यावर आणली.

इतकी वर्षं कोणी बोललं का नाही? कारण मजुरांची खोली ‘लाइन’मध्ये, म्हणजे मळ्यावरच्या चाळीत, आणि लाइन मळ्याची. काम सुटलं की खोली सुटली. वर अंगावर घेतलेली रक्कम असते. आपल्याकडे ऊसतोडीला मुकादम उचल देतो, तोच प्रकार. १९५१ च्या मळेमजूर कायद्यात घर, पाणी, संडास, पाळणाघर सगळं लिहिलेलं होतं, पण ५ हेक्टर आणि १५ मजुरांच्या वरच्या मळ्यांसाठी. देशातले बहुतेक कॉफी बागायतदार त्याहून लहान. डिसेंबर २०१६ मध्ये कोडगूत (कूर्गमध्ये) दिड्डळ्ळीला आदिवासींच्या पाचशेहून अधिक झोपड्या पाडल्या गेल्या. त्यातले कितीतरी जण मळ्यांच्या लाइन सोडून आले होते, स्वतःचं छप्पर हवं म्हणून.

पाकिटावरच्या शिक्क्याचं म्हणाल, तर कॉफीत फेअरट्रेडचा, म्हणजे रास्त भावाचा, शिक्का लहान शेतकऱ्यांच्या संघांना मिळतो. त्यांना त्याचा आधार होतो, खोटं कशाला बोलू. पण माझ्या वहीतली बाई शेतकरी नव्हती. आंध्रातल्या अराकूत आदिवासी कुटुंबं स्वतःच्या बागेत कॉफी पिकवतात, तिथली घ्या, खुशाल घ्या. चिकमगळूरच्या काट्याला मात्र त्याने फरक पडत नाही.

तेव्हा ब्रँड मला विचारू नका. हल्ली बऱ्याच मळ्यांवर होमस्टे आहेत, आणि तुम्ही जाताही नेमके डिसेंबरात, ऐन तोडणीत. गोणीमागे किती कापता आणि काम सोडल्यावर खोली किती दिवस राहते, एवढं मालकांना विचारा. वजन साडेचारला असतं.