आकडा बरोबर, तरीही गळती: शाफ्टच्या पृष्ठभागाचा एक अनुभव

कन्व्हेयरच्या काही गिअरबॉक्सच्या ऑइल सीलमधून (फिरत्या शाफ्टभोवती बसून तेल आत अडवणाऱ्या रबरी कड्यातून) तेल झिरपत असल्याची तक्रार आली आणि तिचा छडा लावण्याचे काम माझ्याकडे आले. नवे सील बसवले तरी गळती थांबेना. सीलखालच्या शाफ्टचा सरासरी खडबडीतपणा, म्हणजे आरए, ड्रॉइंगप्रमाणे ०.२ ते ०.८ मायक्रॉन हवा होता. रफनेस टेस्टरवर तो ०.४ भरला, त्यामुळे कागदोपत्री शाफ्टमध्ये खोट काढता येत नव्हती.

मात्र एकाच लॉटमधले शाफ्ट असूनही एका दिशेने फिरणारे गिअरबॉक्स गळत होते आणि उलट फिरणारे कोरडे होते. आरए ही उंचसखलपणाची केवळ सरासरी असल्यामुळे ओरखडे कोणत्या दिशेने गेले आहेत, हे तिच्यातून कळत नाही. म्हणून आम्ही दोऱ्याची जुनी चाचणी केली: शाफ्ट लेथवर अगदी लेव्हलमध्ये धरला, त्यावर तेलाचा हलका हात फिरवला, एक टोक बांधलेला दोरा वरून टाकून दुसऱ्या टोकाला लहानसे वजन लटकवले आणि शाफ्ट सावकाश फिरवला. दोरा हळूहळू डावीकडे सरकला. फिरण्याची दिशा बदलताच उजवीकडे. (दोन्ही वेळा तो एकाच बाजूला गेला असता, तर संशय टेपरवर, म्हणजे शाफ्ट एका टोकाकडे निमुळता असण्यावर, किंवा बिघडलेल्या लेव्हलवर घेतला असता.) शेवटचा हात मारताना फिरत्या शाफ्टवर एमरी पेपर आडवा सरकवल्याने डोळ्यांना न दिसणारे, स्क्रूसारखे आटे पडले होते आणि एका दिशेने फिरताना ते आटेच तेल बाहेर ढकलत होते.

आरशासारखे पॉलिश करा, असा सल्ला शॉपमध्ये लगेच मिळाला. तो मला पटला नाही. पृष्ठभाग फारच गुळगुळीत झाला, तर तेल धरून ठेवणारे सूक्ष्म खळगे उरत नाहीत, सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी त्याची कड, कोरडा घासून तापतो आणि रबर कडक होऊन तडकते. उलट खडबडीतपणा जास्त असेल, तर टोकदार उंचवटे तोच ओठ कानशीसारखा झिजवतात.

अखेर सीलची जागा प्लंज ग्रायंडिंगने करून घेतली. यात ग्रायंडिंगचे चाक शाफ्टच्या लांबीवर न सरकता सरळ आत येते. मात्र डायमंडने चाकाचे ड्रेसिंग, म्हणजे त्याचा पृष्ठभाग पुन्हा नीट करण्याचे काम, घाईने केले, तर चाकावर उमटलेले आटे शाफ्टवर उतरतात, म्हणून तेही सावकाश करायला लावले. नव्या शाफ्टवर दोरा जागचा हलला नाही आणि दोन्ही दिशांचे गिअरबॉक्स कोरडे राहिले. ड्रॉइंगवर आता आरएच्या आकड्याखाली ‘प्लंज ग्रायंडिंग, आटे नसावेत’ अशी ओळ आहे आणि तपासणीच्या टेबलावर दोऱ्याचे रीळ.