'फादर नको म्हणतात'

पॅरिश ऑफिसात, म्हणजे चर्चच्या कचेरीत, काम म्हटलं की लोकांना वाटतं बाप्तिस्म्याचे दाखले द्यायचे आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कोणासाठी अर्पण करायची ती इंटेन्शन्स लिहून घ्यायची. ते असतंच, पण आमच्याकडे आजाऱ्यांची एक वही पण आहे आणि तिच्यातला शेवटचा रकाना, शेरा नावाचा, मला अजिबात आवडत नाही. काही नावांपुढे त्यात नुसतं लिहिलंय, 'फादर नको म्हणतात'. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, खरंच आजारी माणूस म्हणाला की घरचं कोणी म्हणालं, काही पत्ता नाही.

रविवारच्या मिस्सानंतर मी आजाऱ्यांच्या घरोघरी कम्युनियन, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर, द्यायलाही जाते. पिक्स म्हणजे ती ठेवायची छोटी गोल डबी, पिशवीत घालून गळ्यात, आणि चर्चमधून निघालं की थेट त्या घरी, मधे थांबायचं नाही, गप्पा नाहीत (आमच्यातले एक जण ती खिशात टाकून वाटेत राजकारणावर बोलत उभे असतात, असो). घरी पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पाणी. गिळवत नसेल तर नखाएवढा तुकडा द्यायचा आणि वर घोटभर पाणी. आणि माझं डोकं फिरतं ते उपासावरून. कम्युनियनआधी १ तास काही खायचं नाही हा नियम धडधाकट माणसांना आहे, म्हातारे, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना तो लागूच नाही, कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, कलम ९१९ मध्ये स्वच्छ लिहिलंय, तरी डायबेटिसच्या आजीला सकाळपासून उपाशी ठेवतात आणि वर मला कौतुकाने सांगतात.

तर हे काका. त्यांच्या बायकोला कम्युनियन द्यायला मी कधीपासून जाते, काका आतल्या खोलीत पेपर वाचत बसायचे, मान हलवायचे, संपलं. आता हार्टच्या दुखण्याने तेच अंथरुणाला खिळलेले आणि वहीत त्यांच्यापुढे तोच शेरा. सून दारातच कुजबुजली, "त्यांच्यापुढे तेलाचं काही काढू नका हं, फादर दिसले की त्यांना वाटेल आता संपलं."

हे वाक्य मला पाठ झालंय. पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा हा विधी नव्याने घालून दिला, आजाऱ्यांचं तेल शेवटच्या श्वासासाठी राखून ठेवायचं नसतं, आजार गंभीर झाला की घ्यायचं, बळावला तर परत घेता येतं, याला ५० वर्षं उलटून गेली तरी फादरना फोन येतो तो माणसाची शुद्ध हरपल्यावर. फादर जातात, कपाळाला आणि हातांना तेल लावतात, पण तोवर त्या माणसाला ना कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, करता येतं ना कम्युनियन गिळता येतं. घरचे म्हणतात शांतपणे गेले. आणि हीच माणसं एका रोझरीत, म्हणजे मारियेच्या जपमाळेत, 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' असं ५३ वेळा म्हणतात!

काकूंचं झालं, मी निघणार तोच आतून हाक आली. "पोरी, जरा ये इकडे. दार लोटून घे." मी बसले तर काकांनी डोळे मिटून क्रूसाची खूण केली आणि सुरूच केलं, की लग्नानंतर मी कन्फेशनला गेलेलो नाही. मी त्यांचा हातच धरला. म्हटलं काका थांबा, मला क्षमा देता येत नाही, आणि फादरवर गुप्ततेचं जे बंधन असतं ते माझ्यावर नाहीये, मला काही सांगू नका.

काका वैतागले. "माहितेय मला. क्षमा कोण मागतंय तुझ्याकडे? प्रॅक्टिस करतोय."

मग हळूहळू निघालं. कन्फेशनमध्ये म्हणायची पश्चात्तापाची प्रार्थना त्यांना आठवत नव्हती. "'हे माझ्या देवा' इथपर्यंत येतं, पुढे कोरं. तो फादर माझ्या नातवाएवढा, त्याच्यासमोर मी शाळेतल्या पोरासारखा अडकणार."

फादर नको म्हणण्याचं कारण एवढंच. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की त्यांना मरणाची भीती वाटते, किंवा श्रद्धाच उरली नाही.

मी सांगितलं की स्वतःच्या शब्दांत म्हटलं तरी चालतं. "ते तुमचं नवीन." शेवटी पॅरिश बुलेटिनच्या मागच्या बाजूला मार्करने मोठ्या अक्षरात लिहून दिली, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि उशीखाली ठेवली. फादरचा फोन नेहमीप्रमाणे सायलेंटवर, म्हणून परत जाऊन गाठलं. संध्याकाळी ते छोटी बॅग घेऊन आले, त्यात कापसात जिरवलेल्या तेलाची डबी आणि दोन्ही बाजूंनी घालता येणारी स्टोल, म्हणजे फादर गळ्यात घालतात ती लांब पट्टी, कन्फेशनला जांभळी बाजू, तेलाला पांढरी. दार बराच वेळ बंद होतं. आत काय झालं ते मला माहीत नाही आणि कळणारही नाही.

मंगळवारी सुनेचा ऑफिसात फोन. "तुम्ही बाबांना काय सांगितलंत?" काकांनी भावाला फोन लावला होता. दोघांचं घराच्या वाटणीवरून बोलणं बंद होतं, आम्हाला कोणाला ठाऊकच नव्हतं. "आता सगळं परत उकरून निघणार, आणि निस्तरायचं कोणी?" मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण रात्री त्यांना उठवून बसवते ती हीच बाई. पण मग 'नको' नक्की कोणाचं होतं, हे तेव्हापासून डोक्यात आहे.

शेऱ्यातल्या प्रत्येकाकडे एकदा समक्ष जाऊन विचारूया असं मी मीटिंगमध्ये म्हटलं. फादर हो म्हणाले. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, लोकांच्या घरात किती नाक खुपसायचं? ज्यांनी आजवर एकाही आजाऱ्याचं दार वाजवलेलं नाही त्यांनी हे म्हणावं, पण मुद्दा अगदीच खोटाही नाही, म्हणून अजून गेले नाहीये.

पुढच्या रविवारी गेले तर भाऊ खुर्चीत बसलेला, दोघांचं जोरात चाललेलं. काका म्हणाले, "थांब रे, आधी हे घेऊ दे." आमेन म्हणाले, घेतलं, पाणी प्यायले, मिनिटभर डोळे मिटून पडले. मग भावाकडे वळून, "हं, बोल. सही कोणी केली होती?"

सून दारात उभी होती. मला म्हणाली, "बघा."