जुन्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस रजिस्टर का होत नाही

अँटिव्हायरसचा डबा बाजारातून आणला, इन्स्टॉल केला, प्रॉडक्ट की टाकली आणि 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही' असं येऊन सगळं थांबलं. दहा-बारा वर्षं जुन्या घरच्या कॉम्प्युटरवर हे हमखास होतं. मग संशय कीवर जातो, दुकानदाराशी वाद होतो, कुणी दुसरी की विकत घेतो. पण की चुकीची किंवा आधी वापरलेली असेल तर सर्व्हर तसं सरळ सांगतो. 'संपर्क नाही', 'इंटरनेट तपासा', 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' असे निरोप येतात तेव्हा बहुतेक वेळा की सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नसते. दोष मधल्या वाटेत असतो, आणि जुन्या मशीनवर ती वाट म्हणजे विंडोज.

'इंटरनेट तर चालतंय, यूट्यूब दिसतंय!' हे लगेच ऐकू येतं. फायरफॉक्स आणि क्रोम सुरक्षित जोडणीची स्वतःची यंत्रणा सोबत घेऊन येतात. अँटिव्हायरसची नोंदणीची खिडकी मात्र बहुधा विंडोजच्याच यंत्रणेवर विसंबते. म्हणून एक चाचणी आधी करावी. अँटिव्हायरस कंपनीची साइट फायरफॉक्समध्ये उघडा आणि मग तीच इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडा. पान वेडंवाकडं दिसलं तरी चालेल, उघडलं पाहिजे. फायरफॉक्समध्ये उघडते आणि एक्सप्लोररमध्ये नाही, असं झालं तर कीला हात लावू नका, विंडोजकडे वळा.

पण विंडोजच्याही आधी तारीख. काही मशीनवर उजव्या कोपऱ्यात फक्त वेळ दिसते, वर्ष दिसत नाही, म्हणून ही चूक सहज निसटते. घड्याळावर क्लिक करून वर्ष, महिना, एएम-पीएम आणि टाइम झोन सगळं तपासा. झोन यूटीसी अधिक ५:३०, म्हणजे चेन्नई-कोलकाता-मुंबई-नवी दिल्लीचा हवा. कॉम्प्युटर २००९ सालात असेल तर सर्व्हरचं प्रमाणपत्र (सर्व्हर खरा असल्याचा ठरावीक मुदतीचा दाखला) त्याच्या लेखी अजून जन्मलेलंच नसतं, आणि तो जोडणी नाकारतो. घड्याळ पुढे गेलेलं असेल तर नोंदणी कशीबशी झालीच तरी लायसन्स त्याच क्षणी संपलेलं दिसू शकतं.

'इंटरनेट टाइम'मधलं 'अपडेट नाऊ' दाबून हे सुटेलच असं नाही. घरगुती विंडोजमध्ये फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असेल तर आपोआप वेळ जुळवून घेतली जात नाही, अशी मर्यादा मूळचीच घातलेली आहे. आधी तारीख हाताने बरोबर करायची, मग 'अपडेट नाऊ'.

दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा मागे गेली तर घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल संपला. गोव्यात हा सेल लवकर संपण्याला एक कारण आहे. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की आपण प्लग काढून ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण डेस्कटॉप बंद असला तरी प्लग लावलेला असेल तोवर घड्याळाला वीज पॉवर सप्लायमधून मिळते आणि सेल वापरला जात नाही. प्लग काढला की सगळा भार सेलवर. जूनपासून चतुर्थीपर्यंत मशीन बहुतेक वेळ प्लगविना राहिलं तर जुना सेल तग धरत नाही.

सेल सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलण्यापूर्वी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा (बहुतेक मशीनवर सुरू होताना डिलीट किंवा एफ २) आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. विशेषतः साटा मोड (हार्ड डिस्क जोडण्याची पद्धत) काय आहे ते पाहा: आयडीई की एएचसीआय. सेल काढल्यावर बायोस मूळ सेटिंगवर जातो, हा मोड बदलला तर विंडोज ७ सुरू होताना निळा पडदा येऊन थांबतं, आणि लोकांना वाटतं की हार्ड डिस्क गेली. मोड पूर्वीसारखा केला की मशीन उठतं. सेल बदलताना प्लग काढा, बाजूची पट्टी हलकेच ढकला, अधिक चिन्ह वर ठेवून नवा सेल बसवा. कॅबिनेट उघडलंच आहे तर रॅमच्या पट्ट्याही काढून त्यांची सोनेरी टोकं खोडरबरने पुसून घ्या. समुद्राजवळच्या घरांत त्यांच्यावर थर बसतो आणि मशीन मध्येच अडकायला लागतं. त्याचा नोंदणीशी संबंध नाही, पण इन्स्टॉलेशन अर्ध्यावर थांबण्याशी असू शकतो.

आता विंडोज. 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये तीन गोष्टी पाहा: कुठलं विंडोज, सर्व्हिस पॅक १ (विंडोजचा मोठा एकत्रित अपडेट) आहे की नाही, ३२ बिट की ६४ बिट.

एक्सपी असेल तर पैसे घालू नका. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला, आणि आजचे सर्व्हर सुरक्षित जोडणीसाठी जी टीएलएस १.२ ही भाषा मागतात ती एक्सपीला मुळात येतच नाही. घरात एक्सपी टिकून राहण्यामागे बहुधा श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा जुना डोंगल किंवा एखादा जुना प्रिंटर असतो. तेवढ्यापुरतं ते मशीन जरूर ठेवा, पण नेटवर्कची केबल काढून. त्याला लावायचा पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या, अद्ययावत मशीनवर तपासून घ्यायचा. तिथे याहून चांगलं संरक्षण विकत मिळत नाही.

विंडोज ७ ची गोष्ट वेगळी. त्याचा सपोर्टही १४ जानेवारी २०२० ला संपला, पण त्याला टीएलएस १.२ येतं, फक्त ते मुळात बंद ठेवलेलं असतं. शिवाय नव्या अँटिव्हायरसच्या फाइलींवरच्या डिजिटल सह्या एसएचए-२ पद्धतीच्या असतात, आणि जुनं विंडोज ७ त्या ओळखत नाही. म्हणजे इन्स्टॉल झाल्यासारखं दिसतं, पण आतली सेवा सुरूच होत नाही.

क्रम असा ठेवा. सर्व्हिस पॅक १ नसेल तर आधी तो. मग केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९ (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचा क्रमांक), आणि रीस्टार्ट. हे दोन्ही २०१९ चे अपडेट. पहिला अपडेट बसवणारी यंत्रणा सुधारतो, दुसरा एसएचए-२ सह्या ओळखायला शिकवतो. विंडोज अपडेटमधून मिळाले नाहीत तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमधून उतरवून पेनड्राइव्हवर आणा. ३२ बिटसाठी एक्स ८६ आणि ६४ बिटसाठी एक्स ६४ असं नावात लिहिलेलं असतं. चुकीची फाइल घेतली तर 'हा अपडेट तुमच्या कॉम्प्युटरला लागू नाही' असं येतं, आणि लोक तिथेच सोडून देतात.

त्यानंतर टीएलएस. कंट्रोल पॅनल, इंटरनेट ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, आणि यादीच्या अगदी खाली 'यूज टीएलएस १.२' समोर खूण. एसएसएल २.० आणि ३.० समोरच्या खुणा काढा. बऱ्याचदा एवढ्यावर नोंदणी होऊन जाते.

होत नसेल तर तो अँटिव्हायरस एक्सप्लोररची सेटिंग न वाचता विनएचटीटीपी नावाच्या दुसऱ्या दारातून जात असतो. त्यासाठी केबी ३१४०२४५ हा अपडेट आहे, पण नुसता बसवून भागत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगचा साठा, तो रेजएडिटने उघडतो) लोकल मशीनखाली इंटरनेट सेटिंग्ज आणि त्याच्या आत विनएचटीटीपी या जागी 'डिफॉल्टसिक्युअरप्रोटोकॉल्स' नावाची डीवर्ड नोंद करावी लागते, नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. किंमत हेक्साडेसिमलमध्ये ८००. याचा अर्थ फक्त टीएलएस १.२. विंडोज ६४ बिट असेल तर हीच नोंद 'वाव ६४३२ नोड'खालच्या त्याच जागीही हवी, कारण पुष्कळ अँटिव्हायरसच्या नोंदणीच्या खिडक्या अजून ३२ बिटच्या असतात. सिक्युरिटी प्रोव्हायडर्समधल्या एसचॅनलखाली टीएलएस १.२, त्याच्या आत क्लायंट, आणि तिथे 'डिसेबल्डबायडिफॉल्ट' शून्य, ही शेवटची नोंद. हात घालण्यापूर्वी फाइल मेनूतून रजिस्ट्री एक्स्पोर्ट करून ठेवा. हे वाचून धडकी भरत असेल तर फोंडा-म्हापशाच्या कुठल्याही बऱ्या कॉम्प्युटरवाल्याला हा परिच्छेद दाखवा. काम थोडक्यात होतं. 'फॉरमॅट मारावा लागेल' असं त्याने लगेच म्हटलं तर दुसरा गाठा.

मूळ प्रमाणपत्रांचा, म्हणजे ज्यांच्या आधारावर सर्व्हरची प्रमाणपत्रं खरी मानली जातात त्यांचा, एक मुद्दा उरतो. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं, जगभर वापरलं जाणारं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि अद्ययावत नसलेल्या कितीतरी मशीनवर साइट उघडेनाशा झाल्या. विंडोज ७ नवीन मूळ प्रमाणपत्रं गरज पडेल तशी स्वतः आणतं, पण 'क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस' ही सेवा चालू असेल तरच. मशीन 'फास्ट' करून देणाऱ्या सॉफ्टवेअरने ती कधी कधी बंद केलेली असते. सर्व्हिसेसच्या यादीत तिला ऑटोमॅटिकवर ठेवा.

आधीच्या अँटिव्हायरसचे अवशेष ही दुसरी मोठी अडचण. कॉम्प्युटरसोबत आलेली ट्रायल, मग कुणीतरी टाकलेलं फुकटचं, त्यावर हे विकतचं. कंट्रोल पॅनलमधून काढलं तरी जुन्याची नेटवर्क गाळणारी ड्रायव्हर फाइल मागे राहते आणि नव्याचा संपर्क अडवते. प्रत्येक मोठी कंपनी स्वतःचं रिमूव्हल टूल देते. ते सेफ मोडमध्ये चालवा, रीस्टार्ट करा, मग नवीन टाका. डब्यातली सीडी मात्र वापरूच नका. ती जुन्या आवृत्तीची असू शकते, आणि आवृत्ती फार जुनी असेल तर सर्व्हर तिला नोंदवून घेत नाही. कंपनीच्या साइटवर तुमच्या विंडोजसाठी अजून चालणारी आवृत्ती आहे का ते पाहा. हे खरं तर की विकत घेण्यापूर्वी पाहायचं.

सगळ्या साइट उघडतात, पण अँटिव्हायरस कंपन्यांच्याच तेवढ्या उघडत नाहीत, असं दिसलं तर सावध व्हा. २००८ चा कॉन्फिकर नेमकं हेच करायचा, आणि तो धडा नंतरच्या व्हायरसांनी घेतला. सिस्टम ३२ मधल्या ड्रायव्हर्सच्या आतल्या ईटीसी या फोल्डरातली होस्ट्स फाइल (साइटच्या नावांचे पत्ते ठरवणारी यादी) नोटपॅडमध्ये उघडा; अँटिव्हायरस कंपनीचं नाव तिथे दिसता कामा नये. इंटरनेट ऑप्शन्समधल्या लॅन सेटिंग्जमध्ये अनोळखी प्रॉक्सी (मधला सर्व्हर) असेल तर खूण काढा. अशा मशीनवर नोंदणीच्या मागे न लागता दुसरीकडे बनवलेल्या रेस्क्यू पेनड्राइव्हवरून बूट करून आधी सफाई करा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून नोंदणी करणार असाल तर हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर आणि डब्ल्यूपीए २ वर ठेवा. जुन्या वायफाय कार्डांना ५ गिगाहर्ट्झचं जाळं बहुधा दिसत नाही, आणि डब्ल्यूपीए ३ चा पासवर्ड कितीही बरोबर टाकला तरी नाकारला जातो.

हे सगळं झाल्यावर कीकडे यावं. शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी, पाच आणि एस यांचे घोळ तपासा. ईमेलमधून कॉपी केलेल्या कीच्या शेवटी रिकामी जागा येते. आधी नोटपॅडमध्ये चिकटवून ती काढा. मराठी-कोंकणी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट बसवलेला असेल तर डावं ऑल्ट आणि शिफ्ट दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा. गल्फमधून किंवा लंडनहून कुणी डबा आणून दिला असेल तर त्यावरचा प्रदेश वाचा. काही कंपन्यांच्या की विकल्या त्याच भागात चालतात, आणि इथे कितीही खटपट केली तरी ती की लागणार नाही. की एकाच मशीनची असेल तर फॉरमॅटनंतर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर तेच मशीन दुसरं म्हणून मोजलं जाऊ शकतं. कंपनीच्या खात्यात जाऊन जुनं मशीन काढून टाकलं की जागा मोकळी होते.

काही कंपन्या ऑफलाइन नोंदणीची सोय देतात: कॉम्प्युटरवर दिसणारा इन्स्टॉलेशन नंबर आणि की दुसऱ्या मशीनवरून साइटवर भरायची, मिळालेली लायसन्स फाइल पेनड्राइव्हने आणायची. याचा मोह होतो. पण टीएलएसची अडचण तशीच असेल तर नोंदणी होईल आणि अपडेट मात्र येणार नाहीत. हिरवी खूण दिसेल आणि व्हायरसांची यादी त्या दिवसावरच थांबेल. म्हणून नोंदणी झाली की लगेच हाताने अपडेट करून यादीची तारीख आजची आली का ते बघा.

मदत हवी असेल तर फोन नंबर डब्यावरून किंवा कंपनीच्या साइटवरून घ्या. गूगलवर 'हेल्पलाइन' शोधून जो वर येतो त्यावर नको. तिथे बसलेले लोक एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला लावतात, मग 'नोंदणी शुल्क' आणि ओटीपी मागतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा.

मशीनमध्ये ४ जीबी रॅम असेल आणि एसएसडी टाकायची तयारी असेल तर विंडोज १० चा विचार करा. त्याचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरासाठी नोंद केल्यास सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, आणि त्यातच असलेल्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या यादीचे अपडेट २०२८ पर्यंत देण्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. डिफेंडरला प्रॉडक्ट की लागत नाही.